ओठावर गाठ आली? दुखत नाही म्हणून बसू नका, पंधरा दिवस मोजा

अमरावती/अकोला : ओठावर काही उठलं की गावात त्याचं निदान दवाखान्याआधी पारावरच होऊन जातं. एक म्हणतो, "रात्री कोळी मुतला असन." दुसरा म्हणतो, "गरमी वाढली बाप्पा, ताक घेत जाय." पानठेल्यावर कोणी चुना लावायला सांगतो. घरातला पोरगा मोबाइल उघडून पाहतो, तर त्यात सरळ कॅन्सरचे फोटो. मग एक तर अख्खं घर घाबरून जातं, नाही तर "दुखत थोडीच हाये" म्हणून चार-सहा महिने कोणी ढुंकूनही पाहत नाही. दोन्हीत नुकसान आहे, पण दुसऱ्यात जास्त.

ओठ दिसायला एवढासा, पण त्यात बरंच काही आहे. बाहेरून कातडी, आतून तोंडाचं ओलं अस्तर, मध्ये स्नायू, रक्ताच्या बारीक नळ्या आणि लाळ तयार करणाऱ्या कितीतरी छोट्या ग्रंथी. यातल्या कशालाही त्रास झाला की बाहेरून दिसतो तो फुगवटाच. म्हणून कारणं पुष्कळ असतात आणि बहुतेक साधी असतात. डॉक्टरही आधी चार गोष्टी विचारतात : रातोरात आलं की हळूहळू वाढलं, ओठाच्या बाहेर आहे की आत, दुखते की नाही, आणि आधी येऊन गेलं होतं का. एवढ्या चार उत्तरांत अर्धं निदान होऊन जातं.

ताप उतरला अन् ओठ उतला

सगळ्यात ओळखीचा प्रकार हा. ताप येऊन गेला, उन्हात दिवसभर काम झालं, जागरण झालं किंवा बाईमाणसाची पाळी जवळ आली की ओठाच्या कडेला आधी चुणचुण होते, जळजळ होते. दुसऱ्या दिवशी तिथं बारीक पाण्याच्या पुटकुळ्यांचा घोस येतो. मग त्या फुटतात, खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत सगळं साफ होतं. यालाच लोक ताप फुटला, पोटातली गरमी निघाली असं म्हणतात. गरमी-बिरमी काही नसते. हा हर्पिस नावाचा विषाणू आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरच्या कोणाच्या तरी लाळेतून मिळालेला असतो. एकदा आला की तो चेहऱ्याच्या नसेत झोपून राहतो आणि अंग कमजोर पडलं की पुन्हा त्याच जागी उठतो. कोळ्याचा यात काही संबंध नाही.

यावर असायक्लोव्हिर नावाचं औषध मिळतं, पण ते चुणचुण सुरू झाल्याबरोबर घेतलं तरच उपयोग. खपली धरल्यावर ट्यूब चोळून काही होत नाही. फोड ओले असताना पाण्याचा गिलास, टॉवेल, दाढीचं ब्लेड वेगळं ठेवा. फोडाला हात लावून तोच हात डोळ्याला लावू नका, डोळ्यात हा विषाणू गेला तर नजरेवर येते. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी पाळायची : ओठावर असे फोड असताना तान्ह्या बाळाचा मुका घ्यायचा नाही. बाळंतिणीला पाहायला येणारे पाहुणे हे ऐकत नाहीत, राग धरतात, तरी सांगा. मोठ्या माणसाला आठ दिवसांचा त्रास देणारा हा विषाणू महिन्याच्या आतल्या बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

आतून मऊ, निळसर, पाणी भरल्यासारखी

लेकराच्या खालच्या ओठाच्या आत वाटाण्याएवढी गाठ येते. मऊ लागते, थोडी निळसर दिसते, दुखत नाही. जेवताना दाताखाली सापडते, फुटते, चिकट पाणी निघते आणि पंधरा दिवसांत पुन्हा भरते. मायबाप घाबरतात, पण हिच्यात भीतीचं काही नसतं. पोरगं पडलं, ओठ दाताखाली आला किंवा त्याला ओठ चावायची सवय असली की लाळेची एखादी बारीक नळी तुटते आणि लाळ बाहेर यायच्या ऐवजी आतच साचते. डॉक्टर तिला म्युकोसील म्हणतात. पुष्कळदा ती आपोआप जाते. वारंवार भरत असली तर दाताचे डॉक्टर जागा बधिर करून ती गाठ खालच्या ग्रंथीसकट काढतात. नुसतं फोडून उपयोग नाही, कारण पाणी देणारी ग्रंथी आतच राहते. सुईनं, बाभळीच्या काट्यानं टोचायचे प्रकार तर बिलकुल करू नयेत. पाणी निघतं, दोन दिवस समाधान वाटतं, आणि मग पू होतो.

वरच्या ओठात मात्र हिशेब थोडा वेगळा. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाच्या वरच्या ओठात टणक, गोल, हळूहळू वाढणारी गाठ लागत असेल तर ती लाळग्रंथीचीच वाढ असू शकते. ती साधीही असते, वाईटही असते. बोटानं दाबून ते कळत नाही, म्हणून अशी गाठ दाखवलीच पाहिजे.

अठरा-वीस वर्षांच्या पोरांना आणखी एक गोष्ट घाबरवते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ओठ मोठा करून पाहिला की कडेला राईपेक्षा बारीक, पिवळसर-पांढरे दाणे दिसतात. ते तेलग्रंथी आहेत. १८९६ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर फोर्डाइस यांनी त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना फोर्डाइसचे दाणे म्हणतात. बहुतेक मोठ्या माणसांच्या तोंडात ते असतातच. हा रोग नाही, लागणही नाही, औषधही नको. यावर महागडी क्रीम विकणाऱ्यांपासून तेवढं जपा.

रातोरात सुजलेला ओठ

सकाळी उठल्यावर किंवा वावरातून आल्यावर ओठ एकदम सुजला असेल तर आधी मागच्या काही तासांत काय झालं ते आठवा. मधमाशी, गांधीलमाशी, मुंगळा चावला का? नवीन गोळी घेतली का? दाढ-दात ठणकत होता का? पुढच्या दाताच्या मुळाशी पू झाला तरी वरचा ओठ फुगतो, आणि माणूस ओठालाच मलम लावत बसतो.

आपल्या भागातली दोन कारणं मात्र शहरातल्या डॉक्टरच्या लवकर ध्यानात येत नाहीत, ती आपणच सांगावी लागतात. पहिलं बिब्बा. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांत आणि इतरही ठिकाणी बिब्बे फोडून गोडंबी काढतात. त्या तेलाचा एक थेंब हाताला राहिला आणि तोच हात तोंडाला लागला की ओठ, गाल, डोळे सगळं सुजून फोड येतात. बिब्बा उतला म्हणतात तो हाच. आंबा हा बिब्ब्याचाच भाऊबंद, एकाच कुळातला. उन्हाळ्यात कैरीचा चीक ओठाला लागून जे चट्टे येतात त्याची जातही तीच. अशा वेळी लगेच साबण-पाण्यानं धुवायचं. काही जण उलट ओठावरची जुनी गाठ जाळायला बिब्बा लावतात. त्यानं गाठ जात नाही, ओठ भाजतो, आणि मूळ रोग कोणता होता हे डॉक्टरलाही कळेनासं होतं.

दुसरं कारण फवारणीचं. पऱ्हाटीवर, तुरीवर फवारा चालू असताना नोझलमध्ये कचरा अडकतो, आणि हात भरलेले असल्यानं माणूस नोझल सरळ तोंडाला लावून फुंकतो. सगळेच करतात. औषध ओठाला लागून आग होते, सूज येते, कातडी सोलते. ओठावर निभावलं तर नशीब म्हणायचं, कारण तेच औषध पोटातही जाते. नोझल साफ करायला जुना दातब्रश किंवा बारीक काडी पंपाला बांधून ठेवावी. ओठाची आग होत असतानाच मळमळ, घाम, डोळ्याला अंधारी, लाळ गळणं असं काही सुरू झालं तर ते ओठाचं दुखणं राहिलेलं नाही, ती विषबाधा आहे. अंगावरचे कपडे बदला, अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि दवाखाना गाठा.

घरच्या म्हाताऱ्या माणसाची बीपीची गोळी पण तपासा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल अशी शेवटी 'प्रिल' येणारी गोळी घेणाऱ्यांपैकी थोड्यांना ओठ-जीभ सुजण्याचा त्रास होतो. गोळी सुरू होऊन महिने, वर्षं झाल्यावरही होऊ शकतो, म्हणून कोणाचा तिच्यावर संशयच जात नाही. असं झालं तर पुढचा डोस घ्यायच्या आधी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवून गोळी बदलून घ्यायची. स्वतःच्या मनानं बीपीचं औषध कायमचं बंद करून बसायचं नाही.

सूज ओठावरून जिभेकडे, घशाकडे सरकली, आवाज बसला, श्वास घ्यायला जड जाऊ लागला, तर हळद-लेप करत बसू नका. १०८ ला फोन लावा.

वरच्या ओठावर, नाकाखाली लाल, ठणकणारी फुनशी किंवा गळू आलं तर ते पिळायचं नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. या जागेचं रक्त डोळ्यामागून मेंदूजवळच्या शिरांकडे जातं. पिळलेल्या गळवाचा पू त्या वाटेनं वर चढल्याचे प्रसंग कमी असतात, पण झाले की जिवावर बेततात. साखर असलेल्या माणसानं तर पहिल्याच दिवशी दाखवावं. ताप, थंडी, डोळ्याला सूज दिसली की थांबायचंच नाही.

शेळ्या असणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. करडांच्या ओठांवर, नाकपुड्यांवर खपल्या येतात, त्याला पशुवैद्यक मावा म्हणतात. (पऱ्हाटीवरचा मावा वेगळा, पुडीतला वेगळा. नाव एक, उपद्रव तीन.) हा विषाणू माणसालाही लागतो. बहुतेक वेळा बोटांवर येतो, पण करडाच्या खपल्या साफ करून तोच हात तोंडाला लावला तर ओठावरही गाठीसारखा फोड येऊ शकतो. साधारण दीड-दोन महिन्यांत तो आपोआप बसतो. डॉक्टरला "घरी शेळ्या आहेत, त्यांना मावा झाला होता" एवढं सांगितलं तर नाहक तपासण्या वाचतात.

दुखत नाही तीच गाठ आधी पाहा

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे रोग मोजायचं माप म्हणजे दुखणं. दुखते तर दवाखाना, नाही तर "राहू दे, सोयाबीन निघू दे, मग पाहू." ओठाच्या बाबतीत हे माप उलटं आहे. वर सांगितलेल्या गोष्टींत जळणारं, ठणकणारं जे होतं ते बहुतेक पंधरा दिवसांत जातं. तोंडाचा कॅन्सर मात्र सुरुवातीला दुखतच नाही. खालच्या ओठाच्या आत, तंबाखूचा बार धरायच्या जागी, पांढरा चट्टा येतो आणि तो पुसून निघत नाही. किंवा लाल मखमलीसारखा डाग. किंवा छोटी टणक गाठ, कडा उचललेली जखम, दात घासताना थोडं रक्त. जेवता येतं, बोलता येतं, काम थांबत नाही. दुखायला लागतो तोवर तो खोल गेलेला असतो, गळ्यात गाठ आलेली असते.

याचं कारण बहुतेक वेळा खिशातच असतं. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटलेला. सुपारी ओठाला घासत राहते, चुना अस्तर भाजतो, आणि भाजलेल्या जागेतून तंबाखू आत शिरतो. दिवसातून पाच-सहा वेळा, वर्षानुवर्षं, त्याच जागी. देशपातळीवरच्या २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात चारातला एकाहून जास्त प्रौढ माणूस कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळला, आणि त्यात धुराचा कमी, चघळायचाच फार जास्त. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती कशी चालते हे वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही.

"मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी खातो" म्हणणारेही सुटत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकली आहे. सुपारीनं गालाचं आणि ओठाचं अस्तर दोरीसारखं ताठ होतं, तिखट झोंबायला लागतं, तोंड उघडेनासं होतं. घरच्या घरी पाहायचं असेल तर आपली मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. मोठ्या माणसाची तीन बोटं जायला पाहिजेत. दोनच जात असतील तर ओठावर गाठ नसली तरी दवाखान्यात जायची वेळ झालेली आहे. बाया गुडाखू, मिश्री, तपकीर दाताला लावतात, त्यांनाही हेच लागू. त्या तर सांगतही नाहीत, कारण घरात माहीत नसतं.

मोठ्या माणसांनाही हे चुकलेलं नाही. ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावोगावी नेणारे आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनं गेले. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले, म्हणून आबांचं नाव इथल्या ग्रामपंचायतींत आजही निघतं. शरद पवार यांचा कॅन्सर २००४ मध्ये सापडला, मोठी शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतरही ते वीस वर्षं राजकारणात फिरत राहिले. गुटखा-सुपारीची सवय नडली हे ते स्वतः जाहीर भाषणात सांगतात. रोग लवकर सापडला तर माणूस बरा होतो, हे पक्कं.

मग साधा हिशेब करा. ओठावर किंवा तोंडात काहीही आलं की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. दोन आठवड्यांत गेलं नाही तर दाखवायचं, दुखो की न दुखो. खर्रा खाणाऱ्यानं महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून खालचा ओठ बाहेर दुमडून पाहावा, वरचा उचलून पाहावा आणि स्वच्छ बोटानं चाचपावा. दोन मिनिटांचं काम आहे. दाढी करताना होऊन जातं.

न दुखणारी जखम प्रत्येक वेळी कॅन्सरच असते असंही नाही. गरमी या गुप्तरोगाची पहिली जखम ओठावर येऊ शकते. ती टणक असते, दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते, म्हणून माणूस निश्चिंत होतो, पण रोग आत चालूच राहतो. रक्ताच्या तपासणीत कळतो आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शननं बरा होतो. सरकारी दवाखान्यात यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं नाव बाहेर जात नाही. चेहऱ्यावर, कानाच्या पाळीवर एकापेक्षा जास्त गाठी असतील, अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाचीही तपासणी करून घ्यावी. दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन उभारलं तेव्हा या रोगावरची आजची औषधं नव्हती. आता गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

"तुकडा काढला की पसरते" हे खरं नाही

दवाखान्यात गेलेले लोकही एका ठिकाणी येऊन अडतात. डॉक्टर म्हणतात तुकडा काढून तपासू, आणि घरचे म्हणतात, "हात नोको लावू देऊ, सुरी लागली का पसरते." या एका समजुतीपायी फार माणसं गेली. तपासणीसाठी जागा बधिर करतात, दाण्याएवढा तुकडा घेतात, लागला तर एखाद-दुसरा टाका. माणूस त्याच दिवशी घरी येतो. त्यानं कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो वाट पाहण्यात गेलेल्या महिन्यांत. काढलेला तुकडा साधा निघाला तरी पैसे वाया गेले असं समजू नये, रात्रीची झोप तर परत येते.

जायचं कुठं? आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून अचलपूर, दर्यापूर, मोर्शी, धारणी किंवा मूर्तिजापूरचं उपजिल्हा रुग्णालय. तिथं दाताचा विभाग विचारा. ओठ-तोंडाच्या गाठीला दाताचे डॉक्टरच आधी पाहतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. पुढं अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला लोक अजून इर्विनच म्हणतात, आणि अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. कॅन्सर निघालाच तर ऑपरेशन, शेक आणि किमो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात अमरावती होता. चौकशीचा नंबर १५५३८८. खर्रा सोडायला मदत पाहिजे असेल तर १८००११२३५६ या नंबरावर फोन फुकट लागतो.

जाताना रेशन कार्ड, आधार कार्ड आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. गाठीचा पहिल्या दिवशीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तो दाखवा, किती वाढली ते लगेच कळतं. दिवसाला किती पुड्या आणि किती वर्षांपासून, हे खरं सांगा. घरच्यांसमोर सांगायची लाज वाटत असेल तर त्यांना पाच मिनिटं बाहेर बसवायला डॉक्टरला सांगता येतं.